अमेरिकेत बंदूक राज्याची सीमा कशी ओलांडते? दुकानदाराचा परवाना आणि आपल्या मुलांची जोखीम

अमेरिकेतून गोळीबाराची बातमी आली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं, "तिकडे काय, बंदुका किराणा मालासारख्या मिळतात." हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं माहीत नसलं, तर तिथे शिकायला आणि नोकरीला गेलेली आपली मुलं गोत्यात येऊ शकतात. म्हणून आज आम्ही थोडा रुक्ष वाटणारा विषय घेतलाय. अमेरिकेत एका राज्यातली बंदूक दुसऱ्या राज्यातल्या माणसाच्या हातात कायद्याने कशी जाते, आणि कोणता परवाना असलेला दुकानदार ती देऊ शकतो?

विषय दूरचा वाटेल, पण तितका दूरचा नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल इथे दीआ बरकात, त्याची पत्नी युसूर आणि मेहुणी रझान या तिघांना शेजाऱ्याने त्यांच्याच घरी गोळ्या घालून मारलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हरमाँटच्या बर्लिंग्टन शहरात तीन पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांवर भररस्त्यात गोळीबार झाला. अशा घटनांनंतर तिथल्या मस्जिदींच्या दारात जुम्म्याला सशस्त्र पहारेकरी दिसू लागले, आणि घरोघरी एक प्रश्न चर्चेला आला. आपणही बंदूक ठेवावी का? ठेवावी की नाही हे तिथे राहणाऱ्यांनी ठरवावं. इथे खुर्चीत बसून त्यावर फतवा काढण्यात अर्थ नाही. पण बंदूक कोणत्या मार्गाने हातात येऊ द्यायची नाही, हे मात्र इथल्या आईवडिलांनाही कळायला हवं, कारण चूक झाली तर फोन इथेच येणार.

परवाना माणसाला की दुकानाला?

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो तो बंदूक बाळगणाऱ्या माणसाला. अर्ज, पोलीस पडताळणी, जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांची सही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका. दुकानदारालाही परवाना असतो, पण सगळी छाननी होते ती घेणाऱ्याची.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात हे चित्र उलटं आहे. तिथे साधी बंदूक घेणाऱ्याकडे केंद्र सरकार परवाना मागत नाही. परवाना दुकानाला असतो. त्याला फेडरल फायरआर्म्स लायसन्स म्हणतात, बोलताना एफएफएल. तो देणारी केंद्रीय यंत्रणा म्हणजे एटीएफ. इलिनॉय, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स यांसारखी काही राज्यं घेणाऱ्याकडूनही स्वतःचं कार्ड किंवा परवाना मागतात, पण तो त्या त्या राज्याचा कायदा झाला. साऱ्या देशात सारखी असलेली चौकी एकच, दुकानाचं काउंटर.

ही चौकी उभी राहण्यामागे इतिहास आहे. १९६३ च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून ज्या रायफलने झाला, ती ली हार्वी ओस्वाल्डने मासिकातली जाहिरात बघून शिकागोच्या दुकानातून पोस्टाने मागवली होती, तीही खोट्या नावाने. दुर्बिणीसकट किंमत वीस डॉलरच्या आसपास. नाव खरं की खोटं हे समोरासमोर बघणारा कोणी नव्हताच. तरीही कायदा व्हायला पाच वर्षं गेली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले, तेव्हा कुठे २२ ऑक्टोबर १९६८ रोजी लिंडन जॉन्सन यांनी गन कंट्रोल अ‍ॅक्टवर सही केली.

त्या कायद्याचा गाभा राज्याच्या सीमेशी जोडलेला आहे. एका राज्यातल्या सामान्य माणसाला दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या सामान्य माणसाला बंदूक थेट विकता येत नाही, देता येत नाही, भेटही करता येत नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही. मध्ये परवानाधारक दुकानदार हवाच. त्यातही पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा नियम कडक आहे, ते फक्त स्वतःच्या राज्यातल्या दुकानदाराकडूनच हातात घेता येतं. रायफल आणि शॉटगन दुसऱ्या राज्यातल्या दुकानात समक्ष जाऊन घेता येते, पण दोन्ही राज्यांचे कायदे पाळून. ही सूट १९८६ च्या दुरुस्तीतून आली.

आकड्यांचा अर्थ

आता "परवानाधारक" म्हणजे कोण? इथेच लोक फसतात. परवान्याचे प्रकार आकड्यांनी ओळखले जातात आणि सगळे आकडे सारखे नाहीत.

०१ म्हणजे नेहमीचा बंदूक विक्रेता. दुरुस्ती करणारा गनस्मिथही यातच येतो. पहिल्या तीन वर्षांची फी २०० डॉलर, पुढच्या दर तीन वर्षांना ९० डॉलर. आंतरराज्य व्यवहारांत बहुतेक वेळा तुमच्यासमोर हाच परवाना असतो. ०२ म्हणजे गहाणवटीचं दुकान, ज्याला तिकडे पॉन शॉप म्हणतात. त्यालाही हे व्यवहार करता येतात. गंमत म्हणजे स्वतःची बंदूक गहाण ठेवून पुन्हा सोडवायला गेलात, तरी नव्याने विकत घेतल्यासारखा फॉर्म भरावा लागतो आणि तपासणी होते. ०७ म्हणजे बंदूक बनवणारा आणि ०८ म्हणजे आयात करणारा. या दोघांना विक्रीसाठी वेगळा ०१ काढावा लागत नाही, त्याच परवान्यावर ते विकू शकतात आणि दुसऱ्या राज्यातून आलेली बंदूक ग्राहकाला देऊ शकतात. ०९, १० आणि ११ हे ग्रेनेडसारख्या विध्वंसक साधनांचे विक्रेते, उत्पादक आणि आयातदार. त्यांची फी ३,००० डॉलर. साधी बंदूक त्यांनाही हाताळता येते, पण सामान्य ग्राहकाची त्यांच्याशी गाठ क्वचितच पडते. ०४ आणि ०५ हे आकडे आज वापरात नाहीत.

राहिले ०३ आणि ०६, आणि घोटाळा होतो तो यांच्यामुळे. ०६ हा फक्त काडतुसं बनवणाऱ्याचा परवाना आहे. त्यावर बंदुकीचा व्यवहार होत नाही. ०३ हा संग्राहकाचा. तीन वर्षांना ३० डॉलर भरले की मिळतो. पन्नास वर्षांहून जुन्या किंवा संग्रहमूल्य मान्य झालेल्या बंदुका दुसऱ्या राज्यातून थेट स्वतःच्या घरी मागवण्याची मुभा तो देतो, पण केवळ स्वतःच्या संग्रहासाठी. असा माणूस दुकानदार नसतो. दुसऱ्याची बंदूक स्वतःच्या नावावर मागवून त्याला देणं हे त्याचं काम नाही. "माझ्या मित्राकडे लायसन्स आहे, त्याच्या पत्त्यावर मागवू" असं कोणी म्हणालं, तर पहिला प्रश्न विचारायचा तो "कोणत्या नंबरचं?"

हे ओळखणं अवघड नाही. परवाना क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि त्यातला सातवा-आठवा आकडा म्हणजे परवान्याचा प्रकार. तिथे ०३ किंवा ०६ दिसलं की तो माणूस तुमचा व्यवहार करू शकत नाही. शिवाय पाठवणारा दुकानदार एटीएफच्या ऑनलाइन सुविधेवर क्रमांकाचे पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकून समोरचा परवाना चालू आहे की नाही ते बघू शकतो.

केंद्राचा परवाना असला म्हणजे सगळं झालं असंही नाही. कॅलिफोर्नियात बंदूक पाठवायची तर बाहेरच्या परवानाधारकाला त्या राज्याकडून आधी मंजुरी क्रमांक घ्यावा लागतो. सायलेन्सरसारख्या वस्तूंसाठी दुकानदाराला वेगळा कर भरून वेगळा दर्जा घ्यावा लागतो. त्या वस्तूंवर ग्राहकाला १९३४ पासून २०० डॉलर कर होता. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांवर तो शून्य झाला. त्यावरून "आता सगळं खुलं झालं" अशा पोस्ट फिरल्या, पण सरकारी नोंदणी आणि मंजुरीची अट जिथल्या तिथे आहे.

काउंटरवर काय होतं

समजा, टेक्सासमधल्या माणसाने न्यू जर्सीतल्या माणसाला बंदूक विकली. ती न्यू जर्सीच्या परवानाधारक दुकानाच्या नावाने येते. दुकानदार आधी ती आपल्या वहीत जमा दाखवतो. मग घेणारा समक्ष येतो, सरकारी ओळखपत्र दाखवतो आणि ४४७३ क्रमांकाचा फॉर्म स्वतः भरून सही करतो. त्यानंतर १९९८ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या राष्ट्रीय तपासणी व्यवस्थेतून त्याचं नाव तपासलं जातं. उत्तर "हो" आलं तर बंदूक हातात, आणि वहीत खर्ची नोंद. या हमालीसाठी दुकानदार फी घेतो, ती दुकानागणिक वेगळी.

ती वही म्हणजे आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरसारखी. कुठून आली, केव्हा आली, कोणाला गेली, सगळं ओळीने. व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही ताकीद आपल्याला सूरह बकरामध्ये उधारीच्या व्यवहाराबद्दल आहेच. एखादं दुकान कायमचं बंद झालं की या वह्या वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग इथल्या एटीएफच्या केंद्रात जमा होतात. आणि इथे अमेरिकेचा स्वभाव दिसतो. १९८६ च्या कायद्याने बंदूकमालकांची केंद्रीय यादी करायला मनाई आहे, म्हणून या नोंदी नावाने शोधता येतील अशा ठेवायच्या नाहीत. खुनाच्या जागी सापडलेल्या बंदुकीचा माग काढायचा, तर कारखान्यापासून घाऊक विक्रेता, मग दुकान, मग पहिला गिऱ्हाईक असं एकेक पायरी विचारत जावं लागतं.

अंकलसाठी घेतलेलं पिस्तूल

आपल्या घरांमध्ये "माझ्या नावावर घेतो, तुला देतो" हे अगदी सहज होतं. सिमकार्ड, गॅसचं कनेक्शन, हप्त्यावरचा फ्रिज. याच सवयीचा बंदुकीच्या बाबतीत काय परिणाम होतो, ते अब्राम्स्की खटल्यात दिसतं.

ब्रूस अब्राम्स्की व्हर्जिनियातला माजी पोलीस. त्याच्या अंकलला, जे पेनसिल्व्हेनियात राहत, ग्लॉक पिस्तूल हवं होतं. पोलिसांना सवलतीत मिळतं म्हणून अब्राम्स्की म्हणाला, मी घेतो. अंकलने ४०० डॉलरचा चेक पाठवला. त्याने व्हर्जिनियात दुकानात जाऊन फॉर्म भरला आणि "खरा खरेदीदार मीच" अशी खूण केली. नंतर पिस्तूल पेनसिल्व्हेनियातल्या परवानाधारक दुकानात नेलं, अंकलची रीतसर तपासणी झाली, ते पास झाले, आणि पिस्तूल त्यांच्याकडे गेलं. म्हणजे सीमा ओलांडण्याचा भाग अगदी नियमानुसार झाला होता. दोघांपैकी कोणालाही बंदूक घ्यायची मनाई नव्हती.

तरी तो दोषी ठरला. जून २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी सांगितलं की, पैसे ज्याचे आणि वस्तू ज्याच्यासाठी, तोच खरा खरेदीदार. काउंटरवर दुसऱ्याने "मीच" म्हणणं म्हणजे फॉर्मवर खोटं लिहिणं. चार न्यायाधीशांना हे पटलं नाही. ज्याला बंदूक घ्यायचा हक आहे त्याच्यासाठी घेतली तर बिघडलं काय, असा त्यांचा मुद्दा, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. पण आमच्या मते बहुमताचं बरोबर होतं. समोर उभा असलेला माणूसच जर खरा नसेल, तर ओळखपत्र, सही, तपासणी, वही या सगळ्याला काही अर्थ उरत नाही.

अंकलने व्हर्जिनियाच्या दुकानाला थेट पैसे दिले असते, त्या दुकानाने पिस्तूल पेनसिल्व्हेनियाच्या दुकानाला पाठवलं असतं आणि अंकलने तिथे फॉर्म भरला असता, तर सगळं कायदेशीर होतं. फक्त पोलिसांची सवलत बुडाली असती. आपल्या पैशाने खरी भेट म्हणून बंदूक देता येते, पण भेट घेणारा दुसऱ्या राज्यात राहत असेल तर तीही त्याच्या राज्यातल्या दुकानातूनच द्यावी लागते. जून २०२२ च्या कायद्यानंतर तर मनाई असलेल्या माणसासाठी नावावर बंदूक घेणं हा स्वतंत्र गुन्हा झालाय, पंधरा वर्षांपर्यंत कैदेचा.

व्हिसावरच्या मुलांसाठी

आपल्या घरांना सर्वांत जवळचा भाग हा आहे. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा, एच-१बी म्हणजे नोकरीचा. या आणि अशा तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगायला मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असणं यासारखे थोडे अपवाद आहेत, पण ते असल्याचं कागदावर दाखवता आलं पाहिजे. ग्रीन कार्डधारकाची गोष्ट वेगळी, तो आपल्या राज्याचा रहिवासी म्हणून खरेदी करू शकतो.

संयुक्त अरब अमिरातीचा नागरिक असलेला रेहाईफ नावाचा तरुण फ्लोरिडात शिकायला आला होता. अभ्यासात मागे पडला, विद्यापीठाने काढून टाकलं, त्याबरोबर व्हिसाचा दर्जाही गेला. तो तिथेच राहिला आणि एका शूटिंग रेंजवर जाऊन नेमबाजी केली. आपल्याकडे जत्रेत फुगे फोडतात तितक्या सहज तिकडे लोक रेंजवर जातात. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला आणि शिक्षा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जून २०१९ मध्ये न्यायालय म्हणालं की आपला दर्जा बेकायदा झालाय हे आरोपीला माहीत होतं, हेही सरकारला सिद्ध करावं लागेल. कायद्याच्या दृष्टीने हा मोठा निकाल होता. पण तिथवर पोचायला त्या मुलाच्या आयुष्यातली वर्षं गेली, आणि २०२२ नंतर याच कलमाची कमाल शिक्षा दहावरून पंधरा वर्षं झाली आहे.

म्हणून रूममेटने म्हटलं "चल, रविवारी रेंजवर जाऊ", किंवा "मी राज्याबाहेर चाललोय, माझी बंदूक तुझ्या कपाटात राहू दे", तर व्हिसावरच्या मुलाने हात जोडून नाही म्हणावं. तिथे कोणताही दुकानदार, ०१ असो की ०७, त्याच्या मदतीला येत नाही.

कडक सीमा, मोकळं अंगण

या व्यवस्थेचं एक मोठं भोक सांगायला हवं. राज्याची सीमा ओलांडताना दुकानदार सक्तीचा. पण एकाच राज्यात राहणाऱ्या दोन सामान्य माणसांनी आपापसात बंदूक विकली, तर केंद्रीय कायदा ना फॉर्म मागतो, ना तपासणी, ना नोंद. काही राज्यांनी स्वतःचे कायदे करून हे भोक बुजवलं, अनेकांनी नाही. त्यामुळे होतं असं की सैल कायद्याच्या राज्यात कोणाकडून तरी रोखीने बंदूक घ्यायची आणि गाडीच्या डिकीत टाकून कडक राज्यात न्यायची. हे बेकायदाच आहे, पण रस्त्यावर नाका नाही. शिकागोत पोलिसांना सापडलेल्या बंदुकांचा माग काढणारा अहवाल शहराने २०१७ मध्ये काढला, त्यात निम्म्याहून जास्त बंदुका इलिनॉयबाहेरून आलेल्या निघाल्या, आणि बाहेरच्या राज्यांत पहिला नंबर शेजारच्या इंडियानाचा. दक्षिणेकडून न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या महामार्गाला तर "लोखंडी पाइपलाइन" असं नावच पडलंय.

काउंटरवरही फट आहे. तपासणीचं उत्तर कामकाजाच्या तीन दिवसांत आलं नाही, तर केंद्रीय कायद्याने दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय भाविकांना मारणाऱ्या तरुणाला पिस्तूल असंच मिळालं होतं. २०२२ पासून एकवीस वर्षांखालच्या गिऱ्हाइकासाठी ही मुदत दहा दिवसांपर्यंत वाढू शकते. बाकीच्यांना तीनच. आणि ज्याचं रेकॉर्ड स्वच्छ आहे पण मनात विष आहे, त्याला कोणतंच काउंटर अडवत नाही. चॅपल हिलच्या मारेकऱ्याकडे तर पिस्तूल सोबत बाळगण्याचा रीतसर परवाना होता.

दुकानदाराशिवाय बंदूक राज्य बदलते असे काही सरळ मार्गही आहेत. दुरुस्तीला पाठवलेली बंदूक गनस्मिथ मालकाला थेट परत पाठवू शकतो. वारसाहक्काने आलेली बंदूक वारस आपल्या राज्यात नेऊ शकतो, फक्त तिथल्या कायद्याने ती ठेवता आली पाहिजे. नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात राहायला जाताना स्वतःची साधी बंदूक सोबत नेणं हा व्यवहार धरला जात नाही, पण नव्या राज्याचा कायदा पहिल्या दिवसापासून लागू. टेक्सासमधून न्यू जर्सीत बदली झालेल्या माणसाने सामान बांधायच्या आधीच हे बघून घ्यावं.

प्रवासाचंही तसंच. बंदूक जिथून निघाली आणि जिथे चालली, त्या दोन्ही ठिकाणी कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून ती रिकामी आणि हाताशी येणार नाही अशी बंद करून नेता येते, असं १९८६ चा कायदा म्हणतो. २००५ मध्ये युटाहचा एक माणूस याच भरवशावर विमानाने पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. न्यू जर्सीच्या नेवार्कला त्याचं पुढचं विमान चुकलं. बॅग ताब्यात आली, रात्र हॉटेलात काढावी लागली. सकाळी विमानतळावर त्याने स्वतःहून सांगितलं की बॅगेत पिस्तूल आहे, आणि तिथेच अटक झाली. काही दिवस कोठडीत गेले, पुढे गुन्हा मागे घेतला गेला. त्याने पोलिसांवर दावा लावला. २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. कारण हॉटेलातल्या त्या रात्री बॅग त्याच्या हाताशी होती.